मोबाइलची बॅटरी केव्हा बदलावी?



2021 पासून आपण बांधावर उभे राहून ई-पीक पाहणी करतो. वळच्या भातखाचरात पिकाचा फोटो काढताना 30 टक्के दाखवणारा मोबाइल एकाएकी बंद पडला, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. नवा मोबाइल घेण्याची घाई करू नये.

बॅटरी म्हणजे पायली समजा. ती झिजली की पायलीच लहान होते. भरली की मोबाइल मात्र 100 टक्केच दाखवतो. पुष्कळ मोबाइलमध्ये सुमारे 500 पूर्ण चार्जिंगनंतर मूळच्या 80 टक्के साठा उरतो. निम्मी-निम्मी दोनदा भरली, तर ते एकच चार्जिंग धरावे. काही मोबाइलच्या सेटिंगमध्ये हा आकडा मिळतो. तो 80 च्या खाली असेल आणि दिवस निभत नसेल, तर बॅटरी बदलावी. मी चार महिने चालढकल केली आणि एकाच शिवारात दोन खेपा घातल्या! मात्र रेंज कमी असली तरीही बॅटरी लवकर उतरते, हे आधी पाहावे.

मोबाइलची पाठ फुगली, तर टक्के पाहत बसू नये. चार्जिंग तत्काळ थांबवावे. बॅटरी दाबू वा टोचू नये; मोबाइल दुरुस्ती केंद्रात द्यावा. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत कदापि टाकू नये.