बळ दिसते कोठे?

गतवर्षी क्रीडामहोत्सवापूर्वी रस्सीखेचीसाठी विद्यार्थी निवडण्याचे काम आमच्याकडे आले. दोरास हात लावताच दातओठ खाणारे, दंड फुगविणारे आठ जण आम्ही तत्काळ निवडले. एका मुलाच्या चेहऱ्यावरची रेषही हलेना. त्यास ‘अंगचोर’ म्हणून आम्ही सर्वांदेखत बाहेर बसविले. सामना आम्ही हरलो, हे सांगणे नलगे. सायंकाळी मांडवातील बाके आवरताना तोच मुलगा एकेक बाक एकटा उचलून नेत होता! त्यानंतर मात्र तो मैदानाकडे फिरकला नाही.

म्हणजे डोळा अगदीच कुचकामी असतो काय? तसे नव्हे. स्वीडनमधील रूनेसन व फ्रीकहोल्म ह्या संशोधकांनी पेटी उचलणाऱ्या माणसाचे केवळ सांध्यांवरील चमकते ठिपके प्रेक्षकांस दाखविले. चेहरा नाही, स्नायू नाहीत; तरीही पेटीच्या वजनाचा अंदाज प्रेक्षकांनी पुष्कळ अंशी बरोबर केला, असे त्यांनी 1981 साली प्रसिद्ध केले. हलकी पेटी जड असल्याचे सोंगदेखील प्रेक्षकांस ओळखता येते, हे त्यांच्या 1983 च्या लेखात आहे. भरली कळशी कमरेवर घेणारी स्त्री दुसऱ्या अंगास कलतेच. ओझ्याची वार्ता साऱ्या शरीरातून उमटते. आमच्या कोंकणात मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईच्या नुसत्या चालीवरून आमची आई म्हणे, “आज पाटी भरलेली दिसते.” ती तोंडाकडे पाहत नसे. आम्ही मात्र तोंडाकडेच पाहिले.

ग्वाल्हेरकरांनी तर ही चूक करूच नये. येथील कॅप्टन रूपसिंग मैदानावर 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिन तेंडुलकर ह्यांनी 147 चेंडूंत नाबाद 200 धावा केल्या; त्यांत 25 चौकार होते. अखेरीस जोडीला असलेल्या धोनींनी 35 चेंडूंत नाबाद 68 धावा काढल्या. धोनींच्या फटक्यातील बळ शेवटच्या रांगेतूनही दिसावे. तेंडुलकरांची बॅट मात्र जेमतेम पुढे सरकल्यासारखी वाटे आणि चेंडू सीमेपार! येणाऱ्या चेंडूचाच वेग आणि नेमका क्षण साधल्यावर आवेश कशास हवा?

तेव्हा आमचे मत असे की, खेळाडूंची निवड आविर्भावावरून करणे हा अन्यायच होय. प्रत्येकास प्रत्यक्ष दोर ओढावयास द्यावा आणि परीक्षकाने टाचा कोठे रोवल्या, कंबर किती खाली गेली, हे पाहावे. यंदाची निवड पुढील शनिवारी आहे. त्या मुलाच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. तो काही बोलला नाही, परंतु दाराशी येऊन निवडीची वेळ मात्र त्याने विचारून घेतली.