हेल्पलाइनचा नंबर एक, पण डबाही एकच?

रात्री दोनला पाऊस बदाबदा पडतो आणि सकाळी आठला दर्यापूर, बाळापूर, अकोटचे शेतकरी एकदमच फोन लावतात. २०२३ आणि २०२४च्या खरिपात पीकविम्यासाठी नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची अट होती. वेळेत फोन लागणं म्हणजे काय, हे तेव्हा वऱ्हाडातल्या घराघरात कळलं. म्हणून आज जरा फोन उचलणाऱ्या यंत्रणेबद्दल.

"कापसासाठी एक दाबा, सोयाबीनसाठी दोन" असं बोलणारी यंत्रणा बरेचदा ॲस्टेरिस्क नावाच्या सॉफ्टवेअरवर उभी असते. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज परवडत नव्हतं, म्हणून १९९९ मध्ये त्यानं ते स्वतःच लिहायला घेतलं. कोड खुला, लायसन्सचे पैसे नाहीत, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. उद्याचा भार याला झेपेल काय?

माझं मत सांगतो. सॉफ्टवेअरला झेपेल. आपण ते ज्या पद्धतीनं बसवतो, त्या पद्धतीला झेपणार नाही.

बाजार समितीचं उदाहरण घ्या. फाटकावर नोंद, काट्यावर वजन, खिडकीवर चुकारा. ही तिन्ही कामं एकाच माणसाला दिली तर दिवाळीनंतर गाड्यांची रांग हायवेपर्यंत जाईल. एका डब्यातल्या ॲस्टेरिस्कचं तसंच होतं. कॉल घेणं, मेनू वाजवणं, रांग लावणं, रेकॉर्डिंग करणं, सगळं एकट्यावर. डबा पडला की नंबर बंद.

यावर उपाय आहे, आणि तोही खुल्या कोडचाच. पुढं फाटकावर कामायलिओसारखं सॉफ्टवेअर बसवायचं. ते आवाजाला हात लावत नाही, फक्त कोणता कॉल कुठं जाईल ते ठरवतं. मागं चार-पाच ॲस्टेरिस्क ठेवायचे आणि नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्ये. एक मशीन पडलं तर त्यावरचे चालू कॉल तुटतील, पण नवे कॉल दुसरीकडं वळतील. शिवाय २०१३च्या बाराव्या आवृत्तीपासून कॉलचं डोकं ॲस्टेरिस्कच्या बाहेर, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवता येतं. उद्या वऱ्हाडी बोली समजणारं एआय जोडायचं असेल तर वाट तीच.

आता दोन गोष्टी ज्या टेंडरात राहून जातात.

पहिली, लाइन. जुन्या पद्धतीच्या एका पीआरआय लाइनवर एका वेळी ३०च कॉल बसतात. सर्व्हर कितीही भारी घ्या, एकतिसाव्याला एंगेजच ऐकू येणार.

दुसरी, देखभाल. ॲस्टेरिस्कचा जुना एसआयपी भाग २०२३च्या एकविसाव्या आवृत्तीत काढून टाकला. त्याच्या जागी आलेला भाग दहा वर्षांपासून उपलब्ध होता. ज्यांनी डबा बसवून कुलूप लावलं, त्यांना आता नवी आवृत्ती टाकायची तर सेटिंग पुन्हा लिहावी लागते. नाही टाकली तर जुन्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं आज ना उद्या बंद होतं. लायसन्स फुकट आहे, सांभाळणारा माणूस फुकट नाही.

काही मित्र म्हणतील, मंग क्लाउडवाल्या कंपनीलेच देऊन टाका ना भाऊ, झंझट नाही. पटण्यासारखं आहे. पण मग मेनू, रेकॉर्डिंग आणि शेतकऱ्याचा नंबर, सारं तिच्याकडं. करार संपला की पहिल्यापासून सुरुवात. खुल्या कोडमध्ये ठेकेदार बदलता येतो, मात्र सेटिंग आणि पासवर्ड कार्यालयाच्या ताब्यात असले तरच.

अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पीक ओळखणारे आणि सर्व्हर ओळखणारे, दोघंही शंभरेक किलोमीटरच्या आत. हे काम पुण्याच्या ठेकेदाराची वाट पाहण्याचं नाही.

पुढच्या वेळी कुणी नव्या हेल्पलाइनची फीत कापली की फोटोखाली एवढंच विचारा: साहेब, एका वेळी किती कॉल घेते? एक मशीन बंद पडलं तर काय? आणि पासवर्ड कोणाजवळ आहे?