पणजीचा पत्ता

एक छोटीशी टेस्ट घेऊ या. आईला फोन लावायचा नाही, भावाला मेसेज करायचा नाही. दहा सेकंदांत सांगा, तुमच्या पणजीचं नाव काय? (गोव्याची राजधानी नव्हे, आजोबांची आई!)

अडलात ना? चालायचंच. गेले दोन महिने मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारत सुटलेय. कँटीनमध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात, अगदी प्रेस कॉन्फरन्समधल्या चहाच्या रांगेतसुद्धा. पणजोबांचं नाव बरेच जण सांगतात. काही पठ्ठे तर कुळातली सात नावं धडाधड म्हणून दाखवतात. पणजीवर आलं की मात्र गाडी सायडिंगला. 'आम्ही त्यांना मोठी आई म्हणायचो,' 'थोरल्या काकू असं काहीतरी...' बस्स. पुढे खाकरणं.

यात आपला दोष कमीच आहे. आपल्याकडे घरोघरी जी वंशावळ असते ती बहुतेक वेळा जमिनीच्या कज्ज्यासाठी नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी काढलेली असते. वारस कोण, एवढाच तिचा इंटरेस्ट. त्यामुळे खोडापासून शेंड्यापर्यंत सगळे बाप्येच. बायका लग्न होऊन येणार, काही घरांत आल्या आल्या नाव बदलणार, आणि पुढच्या पिढीत वहिनी, काकू, थोरली होऊन विरून जाणार. तान्हेपणी गेलेलं मूल, लढाईवरून न परतलेला काका, त्यांना तर या झाडावर फांदीच नाही.

मग ही गायब मंडळी शोधायची कुठे? जिथे सगळ्यांनाच एकदा जावं लागतं तिथे. स्मशानात! रात्री बारा वाजता नव्हे हो, चांगलं ऑफिस अवर्समध्ये. कारण तिथे एक वही असते. माणूस गेला की घरातलं कुणीतरी एका खिडकीशी उभं राहून त्याचं नाव सांगतं आणि आतला कारकून ते लिहून घेतो. दगडावर नाव कोरायला पैसे लागतात. वहीत नाव लिहायला फक्त सांगणारा लागतो. म्हणून जे दगडावर नसतात ते वहीत सापडतात.

कबर एक, माणसं तीन

याचा पहिला धडा मला माझ्या रूममेटने दिला. ती मराठी ख्रिश्चन, मूळची नगरकडची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. तिचे खापरपणजोबा मुंबईत वारले आणि त्यांना शिवडीला पुरलं, एवढं घरात माहीत होतं. शिवडीचं ख्रिस्ती कब्रस्तान १८६५ सालचं. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळातलं. व्हीटी स्टेशन बांधणारे आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथे आहेत, टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा तिथे आहेत, कवी डॉम मोराईसही तिथेच आहेत. अशा व्हीआयपींच्या कबरी सापडतात. रूममेटच्या खापरपणजोबांचा दगड काही सापडला नाही.

मुंबईत जागेची टंचाई जिवंतांपुरती नाही, मंडळी. कायमची विकत घेतलेली कबर असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर शहरातल्या अनेक कब्रस्तानांत काही काळाने तीच जागा पुन्हा उघडतात आणि आधीच्याच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. नवा माणूस, नवा क्रूस. दगडाचं आयुष्य संपतं. रजिस्टर मात्र टिकतं.

रजिस्टरात ओळ मिळाली. तारीख, वय, धंदा आणि कबरीचा नंबर. आता खरी गंमत इथे आहे. बहुतेक लोक आपलं नाव मिळालं की वही मिटतात. रूममेटने तो नंबर घेऊन पुढची पानं चाळली. तोच नंबर आणखी दोनदा आला. तेच आडनाव. एक नोंद खापरपणजीची, ती अपेक्षित होती. दुसरी एका मुलीची, वय अकरा महिने. या बाळाबद्दल घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. रूममेट त्या रात्री जेवली नाही. 'शंभर वर्षांनी कुणाला तरी कळलं की ती होती,' एवढंच म्हणाली.

गोऱ्या साहेबांचं काम याबाबतीत सोपं आहे. कंपनी सरकारच्या काळापासून इथले पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत आले. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बऱ्याचशा कम्प्युटरवर पाहता येतात. देशी ख्रिश्चनांची नावं त्यात तुरळक. त्यांना आपापल्या चर्चची पायरी चढावी लागते आणि फादरना किंवा पाळकांना नम्रपणे विचारावं लागतं.

कोकणातल्या बेने इस्राएल कुटुंबांचा दगड मात्र बोलका असतो. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते किहीमकर. आडनावातच गाव. अलिबागजवळ नवगावला त्यांची परंपरा जिथून सुरू होते ती जुनी दफनभूमी आहे. जुन्या दगडांवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी दिसतात. हिब्रू नावात 'अमुकचा मुलगा' किंवा 'अमुकची मुलगी' असं असतं, म्हणजे एका दगडात दोन पिढ्या! हिब्रू साल वाचता आलं की त्यातून ३७६० वजा करा, ढोबळमानाने आपलं इसवी सन मिळतं. आज इस्राएलमध्ये वाढलेली कितीतरी मराठी नातवंडं या दगडांच्या शोधात कोकणात येतात.

बसऱ्याला गेला तो...

सातारा, रत्नागिरीकडे जुन्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'आमचा एक पणजोबा बसऱ्याला गेला तो आलाच नाही.' बसरा म्हणजे इराक, तेव्हाचा मेसोपोटेमिया. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी तिथे लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं तेव्हा कैदेत गेल्या.

या सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी आहे. ही संस्था १९१७ सालची. पुण्यात खडकीचं वॉर सिमेटरी तीच सांभाळते. तिच्या वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. भारतीय शिपायाच्या नोंदीत अनेकदा बापाचं नाव, गाव, तालुकाही मिळतो. पण एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे धक्का बसणार नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त जणांची आठवण आहे. ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं दगडावर आली. साध्या भारतीय शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे! २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने हा भेदभाव कबूल केला. मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार जणांची नावं तर कुठेच आली नसावीत, असं तिचा अहवाल सांगतो. बसऱ्याच्या शिपायांची नावं आता यादीत शोधता येतात. पुन्हा तेच. दगडाने सोडलेले वहीने धरले.

आणि आपल्यासारख्यांचं काय?

आपल्यात जाळतात. ना कबर, ना नंबर. म्हणून मला वाटायचं, आपला चॅप्टर इथेच क्लोज. पण घरात एक प्रश्न कित्येक वर्षं तसाच पडून होता.

माझे आबा, म्हणजे आजोबा, नव्वदीला टेकलेत. गाव जुन्नर तालुक्यात, पण जन्म परळच्या चाळीतला. पणजोबा गिरणीत जॉबर. आबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. दुसऱ्या आईने वाढवलं आणि तिने पोटच्यासारखं केलं, हे आबा आजही सांगतात. पण पहिलीचं नाव घरात निघणं बंद झालं. ती फक्त 'थोरली' उरली. दर भाद्रपदात, पितृपंधरवड्यात गुरुजी नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. (बघा, शास्त्रालाही पणजीचं नाव लागतं!) पुढे सापत्नमातेचा उच्चार येतो, तिथे आबा खणखणीत नाव घेतात. आईच्या जागी मात्र पाण्याची धार सोडताना ओठ नुसते हलतात. लहानपणापासून मी ते बघत आलेय.

सुरुवात केली म्युनिसिपालिटीच्या मृत्यू नोंदीपासून. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे ठरलेली फी भरून कुणीही रजिस्टरात शोध घ्यायला सांगू शकतं आणि दाखला मागू शकतं. मृत्यूचं कारण तेवढं दाखल्यावर देत नाहीत. ते कायद्यानेच बंद आहे. माझ्याकडे चाळीचा पत्ता होता आणि आबांच्या वयावरून काढलेलं साल, १९३८. एका वॉर्ड ऑफिसात तीन फेऱ्या, दोन अर्ज आणि भरपूर कटिंग चहा झाल्यावर ओळ मिळाली. पत्ता बरोबर. जात बरोबर. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, पणजोबांचं नाव आणि पुढे 'याची बायको'. वय १९.

नाव नाहीच! पण तारीख मिळाली होती. आणि तो आकडा. माझी पणजी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे.

तारीख हातात असली की पुढचा दरवाजा उघडतो. आमचा पुढचा दरवाजा नाशिक. रामकुंडावर अस्थी घेऊन गेलेल्या माणसाची नोंद तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत होते. तुम्ही गेलात की पहिला प्रश्न, आडनाव काय? दुसरा, मूळ गाव कोणतं? त्यावरून ठरतं की तुमची वही कोणत्या घराण्याकडे. मूळ गाव सांगायचं बरं का, कांदिवली ईस्ट नाही. वहीत आलेल्याने स्वतःच्या हाताने लिहायचं किंवा सांगून लिहून घ्यायचं, खाली सही करायची. जुनी पानं मोडी लिपीत असतात, ती उपाध्ये वाचून दाखवतात. उत्तरेत हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीने १९७७ पासून घ्यायला सुरुवात केली. माझं काम मात्र लाल कापडातल्या वहीवरच झालं.

उपाध्यायांनी पान उघडलं. तारीख वॉर्ड ऑफिसातल्या तारखेनंतर अकरा दिवसांची. पणजोबांची सही. कोण घेऊन आलं, कशासाठी आलं, आणि तिचं नाव. दोन्ही नावं! सासरचं आणि त्याच्यापुढे माहेरचं. गिरणीत बारा तास उभा राहणारा तो माणूस सुट्टी टाकून, गाडी पकडून गोदेवर आला आणि बायकोचं माहेरचं नाव आठवणीने लिहून गेला. घरात ते पुन्हा उच्चारलं गेलं नाही, पण त्याने ते एका ठिकाणी ठेवून दिलं होतं.

ते नाव मी इथे छापत नाही. ते पहिल्यांदा मोठ्याने घ्यायचा हक्क आबांचा. मी फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि वय विचारलं. मी सांगितलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'पोरगीच होती की गं.'

तुम्ही निघणार असाल तर

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठा. नाव आठवत नसेल तर साल विचारू नका, प्रसंग विचारा. 'धाकट्याचं लग्न झालं त्याच्या आधी की नंतर?' 'प्लेगच्या वेळी की स्वातंत्र्यानंतर?' साल त्यातून निघतं. दुसरं, मरण कुठे झालं ते पक्कं करा. नोंद गावाला नाही, मरणाच्या जागी होते. तिसरं, स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. इंग्रजी रजिस्टरात एकच आडनाव चार तऱ्हांनी मिळतं. चौथं, आपली ओळ मिळाली की वरच्या आणि खालच्या चार ओळी पण वाचा. एकाच आठवड्यात एकाच घरातले दोघं-तिघं गेलेले असतात. पाचवं, वही सांभाळणाऱ्या माणसाशी नीट बोला. जुनं, फाटकं पान उलटायला वेळ लागतो आणि तो त्याच्या कामाच्या वेळेतला असतो.

आणि हो, जाताना पेन न्या. नाव सापडलं की मोबाइलमध्ये फोटो काढून थांबू नका. मोबाइल दोन वर्षांत बदलणार. घरातल्या एखाद्या साध्या दोनशे पानी वहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. पणजीचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, साल. मग त्याच पानावर आईचं लिहा. आजीचं लिहा. तुमच्या पणतीला ही टेस्ट कुणी घेतली तर तिला तरी दहा सेकंद पुरायला हवेत.