न विणलेल्या चादरीचे रंग

सोलापुरात पूर्वी चादर आधी मागावर विणली जाई आणि मग तिचा फोटो निघे. आता क्रम उलटला आहे. आधी फोटो फिरतो, मग गिऱ्हाईक मिळते, आणि गिऱ्हाईक मिळालेच तर चादर विणली जाते. क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. मागणीप्रमाणे माल काढणे हा शहाणपणाचा धंदा आहे. माझी तक्रार आहे ती त्या फोटोतल्या रंगाबद्दल. जी चादर अजून कोणी विणलीच नाही, तिला संगणकावर रंग देऊन ती विकायला मांडण्याचा जो उद्योग बोकाळला आहे, त्याविरुद्ध मला आज चार कडक शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या दिवसांत कडू बोलू नये म्हणतात. पण पायाखाली कारीट फोडल्याशिवाय आपली दिवाळी सुरू होत नाही, हेही विसरू नये!

हे बोलण्याचा अधिकार मला आहे, कारण हाच माझा पोटाचा धंदा. फोटो काढणे आणि ते संगणकावर नीटनेटके करणे, यात माझी उभी हयात गेली. दसरा आला की व्यापारी मंडळींची माझ्याकडे रीघ लागते. त्यांतले तरुण मला काका म्हणतात आणि मोठ्या गोडीने सांगतात, "काका, एकाच चादरीचे बारा रंग करून द्या की!" मी विचारतो, "विणलेत किती?" उत्तर येते, "विणलाय एकच. बाकीचे मागणी आली की विणू की ओ!" आणि वर पुन्हा आग्रह असा, की रंग अगदी खरे वाटले पाहिजेत. खरे असण्याची अट नाही. खरे वाटण्याची अट आहे. साऱ्या वादाचे मूळ या एका क्रियापदात आहे.

आता कोणी म्हणेल, फोटोला रंग देणे हे पाप केव्हापासून झाले? मुळीच झालेले नाही. आपल्या घरोघरी आजीआजोबांचे जुने कृष्णधवल फोटो भिंतीवर आहेत. त्यांतल्या कित्येकांत आजीच्या लुगड्याला हिरवा आणि आजोबांच्या फेट्याला गुलाबी रंग फोटोवाल्याने कुंचल्याने दिलेला आहे. प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्याचे धाडस केले, त्यासाठी जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण त्या हौसेला कोणी लबाडी म्हटले नाही. 'मुघल-ए-आझम' हा १९६० चा चित्रपट, बराचसा कृष्णधवल. २००४ च्या दिवाळीत तो सबंध रंगीत होऊन पुन्हा पडद्यावर आला. प्रेक्षकांना ठाऊक होते की हा रंग मागाहून चढविलेला आहे, आणि त्यांनी तो पाहण्यासाठीच तिकिटाचे पैसे मोजले. येथे फसवणूक कोठे आहे? आजीचे लुगडे कोणी त्या फोटोवरून विकत घेणार नव्हते. पण चादरीचा फोटो पाहून गिऱ्हाईक पैसे मोजते ते रंगाचे! जेथे रंग हाच माल आहे, तेथे रंग बदलणे म्हणजे माल बदलणे होय.

हे काम होते कसे, तेही वाचकांना सांगितले पाहिजे. कारण जी गोष्ट समजत नाही तिच्याकडून माणूस लवकर फसतो. संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे लहान लहान ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश किती, याचा आकडा ० ते २५५ पर्यंत लिहिलेला असतो. याच हिशेबाची दुसऱ्या तऱ्हेने मांडणी करता येते: रंग कोणता, तो किती गडद वा फिका, आणि उजेड किती. कारागीर प्रथम चादरीची कड धरून ती पार्श्वभूमीपासून वेगळी काढतो. मग उजेडाचा भाग तसाच ठेवून फक्त रंग फिरवितो. घडीतली सावली, सुताचा खरखरीतपणा, कडेची झालर, सारे जागच्या जागी राहते आणि तांबडी चादर क्षणात हिरवी होते. पाहणारा तोंडात बोट घालतो.

पण ही झाली शिकाऊ उमेदवाराची जादू. जाणत्याचे डोळे ती तत्काळ ओळखतात. पिवळा रंग जात्याच उजळ आणि गडद निळा जात्याच काळपट. म्हणून पिवळ्या चादरीचा उजेड तसाच ठेवून तिला निळी केली, तर ती फिकट आणि धुवट दिसते. तेथे उजेडही खाली उतरवावा लागतो. पांढऱ्याला मुळात रंगच नाही, तेव्हा त्याचा रंग कितीही फिरविला तरी ते पांढरेच राहते. त्यावर नवा रंग पारदर्शक काचेसारखा पसरावा लागतो. काळ्याचे पांढरे करणे सर्वांत कठीण, कारण काळ्यात विणीचा तपशील आधीच बुडालेला असतो. शिवाय तांबड्या चादरीची तांबूस झाक शेजारच्या पांढऱ्या उशीवर पडते. चादर हिरवी केली आणि उशीवरची तांबूस झाक तशीच राहिली, की फोटो स्वतःच चुगली करतो. मोबाईलच्या फोटोत तर आणखी एक गोम असते. फाईल लहान व्हावी म्हणून त्यात उजेड बारकाईने साठवितात, पण रंग ढोबळ साठवितात. म्हणून बारीक नक्षीच्या कडेला जुना रंग पाझरलेला सापडतो.

या साऱ्या अडचणींवर मात करता येते. मीही करतो. पण सोलापुरी चादर म्हणजे रंगाच्या हौदात बुडविलेला कोरा कपडा नव्हे. तिचे सूत आधी रंगते आणि मग विणले जाते. आमची जॅकार्डची चादर दोन्ही बाजूंनी अंथरता येते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा. उभ्या धाग्याचा एक रंग, आडव्याचा दुसरा, आणि डोळ्याला दिसतो तो त्या दोघांचा संसार! संगणकावर रंग फिरविणारा या संसारात तिऱ्हाईत आहे. तो मोराची हिरवी पिसे आणि मागची तांबडी जमीन एकाच फिरकीने फिरवितो आणि असा जोड उभा करतो, की तसा प्रत्यक्षात विणला तर कसा दिसेल हे त्याला ठाऊक नाही आणि व्यापाऱ्यालाही नाही. रंगाऱ्याकडच्या एका घाणीचे सूत दुसऱ्या घाणीशी तंतोतंत जुळविताना त्या बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. आणि येथे आम्ही बसल्या खुर्चीवर बारा रंग जन्माला घालतो!

याच्या समर्थनार्थ जी वकिली चालते, तिचीही आता झडती घेऊ.

पहिला मुद्दा: 'सगळेच करतात.' हा मुद्दा नव्हे. ही तर कबुली आहे.

दुसरा मुद्दा: 'मोबाईलचा पडदाच मुळी खरा रंग दाखवीत नाही, मग एवढा सोवळेपणा कशाला?' यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य नेहमी पुऱ्या असत्याच्या घरी पाणी भरते. २०१५ च्या फेब्रुवारीत एका पोशाखाच्या फोटोवरून साऱ्या जगात भांडण जुंपले होते. कोणाला तो निळाकाळा दिसे, कोणाला पांढरासोनेरी. पोशाख वस्तुतः निळाकाळा होता. फोटोतला उजेड कसला, याविषयी प्रत्येकाच्या मेंदूने आपापला अंदाज बांधला आणि त्याप्रमाणे रंग पाहिला. यावरून काय सिद्ध झाले? फोटोतला रंग प्रामाणिकपणे काढला तरी घसरू शकतो, एवढेच. ज्या वाटेवर पाय आपोआप घसरतो, तेथे मुद्दाम तेल ओतावे, असे नव्हे!

तिसरा मुद्दा: 'प्रत्येक रंगाचा फोटो काढणे परवडत नाही.' हे मी माझ्या धंद्याला स्मरून खोडून काढतो. कॅमेरा एकदा तिकाटण्यावर पक्का बसवावा, दिवे एकदा लावावेत, चादरीशेजारी करड्या रंगाचे एक कार्ड ठेवावे, म्हणजे उजेडाची झाक मोजून काढता येते. मग चादरी बदलत जावे. बारा चादरींना एक सकाळ पुष्कळ झाली. संगणकावर बारा रंग सफाईने चढवायला याहून अधिक वेळ लागतो. न परवडणारी गोष्ट फोटो ही नव्हे. न परवडणारी गोष्ट आहे ती बारा चादरी विणणे. तेव्हा खर्चाचे नाव फोटोवर कशाला लोटता?

चौथा मुद्दा जरा हुशारीचा आहे: 'फोटो ही जाहिरात आहे, पंचनामा नव्हे.' असे म्हणणाऱ्यांनी १९९४ सालचे अमेरिकेतले उदाहरण आठवावे. तेथील 'टाइम' साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर मुद्दाम काळवंडून छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो आहे तसा छापला. दोन्ही अंक दुकानात शेजारीशेजारी आले आणि लबाडी चव्हाट्यावर आली. रंगाची एक छटा माणसाचा न्याय फिरविते. चादरीचा सौदा तर काय, सहज फिरवील. शिवाय आपल्याकडचा कायदाही आता मुका राहिलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला चाप आहे. आणि ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली जे नियम झाले, त्यांप्रमाणे जाहिरात मालाच्या खऱ्या गुणांशी जुळती असली पाहिजे, आणि जाहिरातीसारखा नसलेला माल परत घेणे विक्रेत्याला टाळता येत नाही.

परत येणाऱ्या त्या गठ्ठ्याचे पुढे काय होते, हे गिऱ्हाईकाला दिसत नाही. तो गठ्ठा परततो तेव्हा जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते. उघडलेला माल पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही. आणि पडद्यावरच्या रंगाची जोखीम शेवटी सरकत सरकत दोनचार मागांच्या लहान कारखानदाराच्या दारात येऊन बसते. त्याने चादर चोख विणलेली असते. सूत चांगले, वीण घट्ट, रंग पक्का. त्याचा दोष एवढाच, की त्याची चादर खोट्या फोटोसारखी निघाली नाही!

आणि याहून मोठा धोका नावाचा आहे. १८७७ साली येथे पहिली कापडाची गिरणी निघाली. पुढे गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले. पण गाव उपाशी बसले नाही, कारण तेलुगू मुलखातून आलेल्या विणकरांनी घराघरात माग चालू ठेवला होता. त्या पिढ्यांच्या हातांनी हे नाव कमावले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना २००५-०६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. तिचा अर्थ असा, की दुसऱ्या गावच्या मालाला सोलापुरी म्हणून कोणी विकू नये. परगावच्या नकलेविरुद्ध आपण कायद्याची भिंत बांधली. आणि आता आपणच आपल्या चादरीची रंगीत नक्कल पडद्यावर मांडून बसलो, तर ती भिंत कोणाला अडविणार?

मी संगणक फेकून द्या म्हणत नाही. त्याने माझी चूल पेटते. नवा नमुना विणण्यापूर्वी तो निरनिराळ्या रंगांत पडद्यावर पाहणे, हे तर या विद्येचे वरदान आहे. चार वजनदार चुका सुतात होण्याऐवजी ठिपक्यांत झालेल्या बऱ्या. मागणीपूर्वी रंग दाखवायचाच असेल, तरी त्याची सरळ वाट आहे. ज्या सुतात चादर विणायची, त्याची लडी त्याच उजेडात चादरीशेजारी ठेवून फोटो काढावा, लडीवरून रंग उचलावा, आणि खाली स्वच्छ मराठीत लिहावे: 'ही चादर अजून विणलेली नाही, रंग संगणकावर दाखविला आहे.' एवढे लिहायला ज्याचा हात कचरतो, त्याच्या मनात काय आहे ते मी सांगण्याची गरज नाही.

राहता राहिले तुम्ही, वाचकहो. भाऊबीजेला बहिणीसाठी, पाडव्याला घरासाठी तुम्ही मोबाईलवर चादर निवडाल. अवश्य निवडा, सोलापूरचीच निवडा. पण दुकानदाराला एक निरोप धाडा: 'याच चादरीचा दिवसाच्या उजेडातला, उलटी बाजूही दिसेल असा एक फोटो पाठवा.' विणलेली चादर असेल, तर दोन मिनिटांत फोटो येईल. नसेल, तर कारणे येतील. फोटो आला तर पैसे पाठवा. कारणे आली तर दुसरे दुकान पाहा. सोलापुरात प्रामाणिक दुकानांना तोटा नाही, आणि ती टिकविणे आता तुमच्या हातात आहे.