उरलेली कॉफी

गेल्या पौषातील गोष्ट. आमच्या संगमनेरच्या घरी दुपारची कॉफी नुकतीच झाली होती, पेले-बश्या उचलावयाच्या राहिल्या होत्या, आणि आम्ही वर्तमानपत्र घेऊन झोपाळ्यावर बसलो होतो. पाहतो तो आमची नऊ वर्षांची नात वाटीत उरलेल्या कॉफीच्या अर्कात कुंचला बुडवून कागदावर काही रेखाटीत आहे. तिची रंगाची पेटी संपली होती, म्हणून तिने हा उपाय काढला होता. अन्न ही खेळण्याची वस्तू नव्हे, हा संस्कार आमच्या पिढीवर पाळण्यापासून झालेला. तेव्हा आमचा मास्तरी आवाज चढला. चाळीस वर्षे वर्गात वापरलेला तो आवाज पेन्शनीत निघाला तरी अद्याप म्हातारा झालेला नाही.

"अरे, नासाडी कसली?" आमची आक्का म्हणाली, "तो अर्क आता मोरीतच जायचा होता." इतके बोलून ती नातीजवळ बसली आणि तिने तिच्या हातातून कुंचला मागून घेतला.

आक्का आमची थोरली बहीण. अकाली वैधव्य आल्यावर ती माहेरी आली, त्यास आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या घरात आल्यागेल्याची कॉफी बहुधा तिनेच केलेली. दूध उतू न जाता तापविणे, त्यात बेताने भुकटी घालणे, उतरविताना जायफळाचा एकच फेर सहाणेवर उगाळून टाकणे, हे तिचे शास्त्र. पुढे सूनबाई आल्या. त्यांचे बालपण धारवाडास गेलेले, म्हणून त्यांच्याबरोबर पितळेचा फिल्टर घरात आला. वरच्या सच्छिद्र भांड्यात भुकटी दाबून भरावी, तीवर कढत पाणी ओतावे, आणि पाव घटकाभर तरी वाट पाहावी. थेंब थेंब करून काळा अर्क खाली उतरतो. घाई केल्यास कॉफी पांचट होते आणि पुन्हा उकळल्यास कडू. आक्काने हे नवे शास्त्रही पंधरा दिवसांत आत्मसात केले. मात्र सर्वांस देऊन झाल्यावर स्वतःचा पेला ती नेहमी गारच पीत आली.

तिने कुंचला हाती घेतला तेव्हा आम्हांस पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. ती वाचकांपुढे मांडताना संकोच वाटतो. परंतु दुसऱ्यांच्या मुलांना खरे बोला म्हणून शिकविण्यात आयुष्य घालविल्यावर ती दडवून ठेवणे शोभणार नाही. आमचे मॅट्रिकचे वर्ष होते. संस्कृत रूपांच्या वहीची मागची कोरी पाने एके दिवशी चित्रांनी भरलेली दिसली: उखळ, मांजर, तुळशीपाशी वाकलेली आई. काजळात तेल कालवून आक्कानेच ती काढली होती. आमचा अभ्यास म्हणजे तेव्हा घरातील सर्वांत मोठे कार्य. आम्ही ती पाने टरकावली आणि तिच्यादेखत बंबात घातली. आक्का काहीच बोलली नाही. त्यानंतर रांगोळीखेरीज तिने काही काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता कॉफीने चित्र निघते तरी कसे, हे वाचकांस, आणि विशेषतः घरातील मुलांस, सांगितले पाहिजे. कॉफीचे कच्चे बी हिरवट असते. ते भाजताना त्यातील शर्करा व प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात आणि तपकिरी द्रव्ये तयार होतात. ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली प्रथम वर्णिली. आपल्या भाकरीवरील खमंग डाग याच क्रियेचे. म्हणजे रंग आधीच तयार असतो, आपण तो पाण्यात उतरवून घ्यावयाचा.

अर्क तीन वाट्यांत घ्यावा: एकीत दाट, दुसरीत दुप्पट पाणी घातलेला, तिसरीत अगदी फिका. फिल्टर नसेल तर झटपट विरघळणारी भुकटी चमचाभर घेऊन दोन चमचे कढत पाण्यात कालवावी. साखर वा दूध मुळीच घालू नये. साखरेमागे मुंग्यांची रांग लागते आणि दुधाने कागदास आंबूस वास येतो. नातीच्या पहिल्या चित्राची अर्धी चिमणी मुंग्यांनीच झाकली होती. कागद जलरंगाचा, जाड व खरबरीत असावा, कारण वहीचे पान सुरकुतते. प्रथम फिका हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मग त्यावर दुसरा. पांढरा रंग निराळा नाही; जेथे उजेड हवा तेथे कागद कोरा सोडावयाचा. दाट थर एकदम दिल्यास तो चिकट राहतो, पावसाळ्यात तर विशेषच. तयार चित्र काचेआड आणि उन्हापासून दूर टांगावे, एरवी रंग विटतो. आणि हो, चित्राचा पेला व पिण्याचा पेला यांत अंतर ठेवावे. आम्ही एकदा कुंचला धुतलेले पाणी कॉफी समजून प्यालो आहोत.

एकाच तपकिरी रंगात चित्र ते काय निघणार, अशी शंका आम्हांसही होती. परंतु विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात या शंकेचे उत्तर आहे. आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणते लोक वर्तनेची म्हणजे छायाप्रकाशाची, स्त्रिया अलंकरण इच्छितात आणि इतर जनांस रंगांची समृद्धी आवडते, असा त्यातील आशय आहे. कॉफी रंगांची समृद्धी हिरावून घेते, आणि मागे राहतात रेषा व वर्तना, म्हणजे आचार्यांना व जाणत्यांना प्रिय तेवढेच. डच चित्रकार रेम्ब्रांट याने सुमारे १६५६ ते १६६१ या काळात मोगल चित्रांच्या कित्येक प्रतिकृती काढल्या, त्या प्रायः तपकिरी शाईनेच. मूळ चित्रांतील सोने, निळा, लाल सर्व गेले. तरी बादशहा बादशहाच दिसतो.

आक्काच्या कागदावर त्या दिवशी आमच्या जुन्या वाड्याचे स्वयंपाकघर उतरले. तो वाडा आम्ही १९९२ साली पाडला. चुलीचे वैल, फडताळ, आणि प्रवरेच्या बाजूच्या खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा. तो पट्टा म्हणजे निव्वळ सोडलेला कागद होता, पण ऊब वाटावी असा. अलंकरण कोठेही नव्हते. चित्रसूत्रकारांनी स्त्रियांविषयी केलेले विधान तेवढे दुरुस्त करावयास हवे, असे आमच्या मनात आले.

नातीने चित्र न्याहाळून विचारले, "आक्काआजी, यात तू कुठे आहेस?"

"मी? मी चुलीपुढेच होते की. मला कोण पाहणार?" आक्का हसून म्हणाली.

हे ऐकताच आमच्या जिल्ह्यातील एका जुन्या पोथीची आम्हांस आठवण झाली. नगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र फार्सी काव्य सोळाव्या शतकातील असून त्याची प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील चित्रांत शहाच्या शेजारी राणी खुन्झा हुमायून हिची आकृती होती. पुढे पुत्राशी बिनसून राणी कैदेत पडली, आणि कित्येक चित्रांतील तिची आकृती कोणीतरी रंग फासून बुजविली. सिंहासन आहे, शहा आहे, आणि शेजारी एक डाग. दरबारातील राणीचे जे झाले ते घराघरांतील स्वयंपाकघरांत कोणाचाही रोष नसताना होत आले. आमच्या घरी तर तो बंब आम्हीच पेटविला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून जाड कागदाची मोठी वही आणून आक्कापुढे ठेवली आणि वहीच्या पानांविषयीची ती जुनी गोष्ट प्रथमच तोंडाने उच्चारली. आक्काने वही उघडून कागदावरून बोट फिरविले. "मांजर चांगले जमले होते रे," एवढेच ती म्हणाली. म्हणजे तीही काही विसरली नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम झाला आहे. चार वाजता कॉफी आम्ही करतो. पहिल्यांदा ती पाणचट होई, आता सूनबाई नाक मुरडीत नाहीत. पहिला पेला, कढत, आक्काचा. आणि वाटीभर अर्क बिनसाखरेचा बाजूला. ती एक घोट घेते, मग कुंचला बुडविते. वहीची अकरा पाने भरली आहेत. नातीच्या हट्टामुळे स्वयंपाकघराच्या चित्रात चुलीपुढे आता एक पाठमोरी मुलगी बसली आहे, तिची वेणी सर्वांत दाट अर्काने काढलेली.

वाचकांच्या घरीही अशी एखादी आक्का, आत्या वा काकू असेल. आज दुपारी तिचा पेला आधी भरावा, आणि उरलेला अर्क मोरीत ओतण्यापूर्वी तिच्यापुढे एक कोरा कागद ठेवून पाहावा, एवढीच विनंती.