शब्द तुम्ही दिला होता

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो,

तुम्ही मला ताई म्हणता. त्या नात्यानेच विचारते. मांडव उभा राहण्याआधी माझ्या घरी बसून दिलेल्या शब्दाचं काय झालं?

मी फार काही मागितलं होतं का? उत्सव बंद करा म्हटलं नव्हतं. ढोल-ताशा नको, आरती नको, असंही नाही. स्पीकरची भिंत माझ्या खिडकीखाली लावू नका आणि रात्री दहाला बंद करा, एवढंच म्हणाले होते. "ताई, भिंत चौकात नेतो. तुम्ही बिनघोर झोपा." हे तुमचेच शब्द ना?

तुम्ही कारण विचारलंत. वर्गणी न देण्यासाठी लोक काहीही सांगतात, असंही कुणीतरी म्हणालं. म्हणून मी खरं कारण सांगितलं. मला बायपोलर आहे. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. नातेवाइकांपासून लपवलेली गोष्ट तुमच्यासमोर बोलले. "आमच्या पोटात राहील," म्हणालात. राहिली का?

माझे कान ठणठणीत आहेत. तपासणीत काही निघत नाही. नको तो आवाज बाजूला सारणारी मेंदूतली गाळणीच या आजारात अनेकांची विरळ होते. बरं नसतं तेव्हा ताटलीवर चमचा आपटला तरी अंगावर काटा येतो. शेजारचा मिक्सर, हॉर्न, बोलणं, सगळं एकाच वेळी, एकाच जोराने आत शिरतं. कुणाला उन्मादात असं होतं, कुणाला नैराश्यात. सगळ्यांना होतंच असं नाही. मला होतं, आणि हे तुम्हाला समजावून सांगितलं होतं.

"खिडकी लावून घ्या, कानात कापूस घाला," असं सांगताना बेस म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तो बंद खिडकीला जुमानत नाही. भिंतीतून, पलंगातून छातीत येतो.

आणि प्रश्न नुसत्या त्रासाचा नाही. आमच्या आजारात झोप हे औषधाइतकंच मोठं औषध. ओळीने काही रात्री झोप मोडली, की उन्मादाचा झटका येऊ शकतो. मग झोपेची गरजच वाटेनाशी होते, विचार धावत सुटतात, हातून पैसा उधळला जातो, माणसं तोडली जातात. तुमच्या स्पीकरचं भाडं मंडळ भरतं. माझ्या मोडलेल्या झोपेचं कोण भरणार?

नियम मी सांगायला हवेत का? परवानगीच्या कागदावर तुमचीच सही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ती सवलत वेळेची आहे, वाटेल तेवढ्या आवाजाची नाही.

तरीही सगळ्यात खोल घाव स्पीकरचा नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर मी पोलिसांना फोन केला. ते आले. त्यांना तुम्ही काय सांगितलंत? "त्या बाईंची डोक्याची औषधं चालू आहेत, लक्ष देऊ नका." ज्या कारणासाठी तुम्ही शब्द दिला होता, तेच कारण माझी तक्रार खोटी ठरवायला वापरलंत! जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं, की आवाजाची तक्रार करणाऱ्याची ओळख उघड होऊ देऊ नका. माझी ओळख सकाळी मांडवातल्या प्रत्येकाला कळली होती, आजारासकट.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. जिना चढता न येणाऱ्या आजोबांना तुम्ही खुर्चीवर बसवून दर्शनाला नेता. ते चांगलंच करता. माझी अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती नाटक ठरते का?

पेठेत मी एकटीच आहे असं समजू नका. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर दोनशे प्रौढांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी बायपोलर आजार होतो. तुमच्या ढोलपथकातही कुणी असेल. माझं काय झालं ते पाहून तो आता तुमच्याजवळ तोंड उघडेल का?

पुढच्या वर्षीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा. भिंत घरांच्या खिडक्यांखाली लागणार नाही आणि ठरल्या वेळेला आवाज बंद होईल. माझा आजार चारचौघांत बोललात, त्याची माफीही चारचौघांत मागा. आणि हे सगळं मंडळाच्या शिक्क्यासह लिहून द्या. तुमच्या तोंडच्या शब्दावर आता माझा विश्वास नाही.

तुमची ताई