शास्त्राच्या खिडकीतून : चवड उभी की आडवी?



गणपतीच्या जेवणानंतर भांडी घासताना एका काकांनी विचारले, "डॉक्टरेट झाली, तरी दिवसभर प्रयोगशाळेत काय ढवळत असता?" तेव्हा उत्तर अर्धेच राहिले. उरलेले आज देतो.

आमचे रेणू चपटे आणि गोल, भाकरीसारखे. मध्ये कडक गाभा, कडेने मेणासारख्या साखळ्यांची झालर. वितळवून हळूहळू निवू दिले की आपणहून त्यांची चवड लागते. दोन भाकऱ्यांत अंतर जेमतेम ०.३५ नॅनोमीटर. अशी द्रवस्फटिक अवस्था १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी प्रथम दाखवली. (ताऱ्यांवाले नोबेल विजेते चंद्रशेखर वेगळे. ते रामन यांचे पुतणे, हे भाचे!)

वीज चवडीच्या लांबीच्या दिशेने चांगली वाहते. म्हणून सौरघटात चवड उभी हवी, ट्रान्झिस्टरमध्ये आडवी. पण ती कशी लागेल हे जागाही ठरवते. दोन काचांमध्ये कोंडले की पुष्कळदा चवडी उभ्या राहतात. वरची काच नसली की तेच रेणू झालर हवेकडे करतात आणि चवडी आडव्या पडतात. सौरघटाची अडचण हीच : वरचा धातूचा थर सर्वांत शेवटी चढतो, तोवर थर उघडाच. बेल्जियममधल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००९ साली त्यावर तोड सांगितली. वर तात्पुरता प्लॅस्टिकसारखा थर द्यायचा, तापवून निववायचे, मग तो धुऊन काढायचा. चवडी उभ्याच राहतात.

बारीक गोल छिद्रांत कोंडले तर आणखी गंमत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चवडी वाकून बांगडीत बांगडी अशी कडी झाली. निवताना आधी भिंतीलगतची, मग आतली, एकेक करून. तापमान किंचित बदलले की एखादेच कडे जुळते वा मोडते. पाहायला सुरेख, पण छिद्रातून आरपार वीज न्यायची असेल तर ही कडी काय कामाची? ती गोलगोलच फिरणार.

आमचे म्हणाल, तर मागच्या महिन्यात आम्ही वरची काच घाईने, थर गरम असतानाच उचलली. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तो सगळ्या चवडी आडव्या! तीन आठवड्यांचे काम. आता काच रात्रभर तशीच ठेवतो, आणि ठेवली आहे की नाही ते बघायला जेवण झाल्यावर पुन्हा जातो. घरी त्यावरून बोलणी खातो ते वेगळे.

काका, उरलेले प्रश्न कोजागिरीला विचारा. मसाला दूध आटवायची पाळी आमचीच आहे.